कपाटाचं कुलूप काढा: आपल्याकडच्या हवेत पुस्तकं वाचायची कशी, टिकवायची कशी

कपाटाला कुलूप लावून ठेवलेली पुस्तकं सगळ्यात आधी जातात. उलटं वाटेल, पण अंबाजोगाईत औषधाचं दुकान चालवताना आणि पुस्तकांपायी लोकांच्या घरी जाताना मला हेच दिसत आलंय. ज्या घरात पुस्तक पलंगावर, खिडकीत, झोपाळ्यावर फिरत असतं तिथे त्याचे कोपरे झिजतात, चहाचा डाग पडतो, पण पुस्तक राहतं. ज्या घरात ‘दादांची पुस्तकं आहेत, हात लावायचा नाही’ म्हणून दार बंद, तिथे एक दिवस आतून मातीचा ढेकूळ निघतो. कसर असो की वाळवी, तिला अंधार लागतो, ओल लागते आणि कुणाचा हात न लागणं लागतं. खाली जे सांगतोय ते निवडण्याचं, समजून घेण्याचं, जपण्याचं असं सगळं आहे, पण त्याचं मूळ इथेच आहे.

आधी घेण्याचं. नवं पुस्तक घ्यायला आपल्या तालुक्याच्या गावांत फार जागा नाहीत. संभाजीनगरला गेलो की औरंगपुऱ्यात एक चक्कर, एखाद्या ग्रंथप्रदर्शनाचा मांडव, आणि उरलेलं सगळं रद्दीच्या दुकानात. रद्दीत पुस्तक उचललं की किंमत विचारण्याआधी पान १७ उघडा. मग ३३, ४९, ६५, ८१. आपली बहुतेक जुनी पुस्तकं सोळा-सोळा पृष्ठांच्या फर्म्यांत छापलेली असतात, त्यामुळे हरवलं तर एखादं पान नाही, अख्खा फर्मा हरवतो. कधी एकच फर्मा दोनदा बांधलेला असतो, कधी उलटा. या पानांच्या तळाशी कोपऱ्यात बारीक आकडा दिसला तर तो बांधणीवाल्यासाठी टाकलेला फर्म्याचा क्रमांक आहे, छपाईची चूक नव्हे. एवढी तपासणी मिनिटभरात होते, आणि रहस्यकथेचा शेवटचा फर्मा नाही हे रात्री अकरा वाजता कळण्यापेक्षा बरं.

मग पान ८ आणि ९ च्या मधे बघा, २४ आणि २५ च्या मधे बघा. दोरा दिसला तर ती जुजबंदी. असं पुस्तक बिनधास्त घ्या, पुठ्ठा फाटलेला असला तरी. पुठ्ठा नवा बसवता येतो. दोरा नसेल, पाठीला नुसता डिंक असेल, तर ती चिकट बांधणी. ती वाईटच असते असं नाही, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि तो डिंक कडक होऊन तडकतो. मग पुस्तक पाठीतून मोडतं आणि पानं गळायला लागतात. म्हणून असं पुस्तक गाडीच्या डिकीत किंवा दुपारी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, आणि एका हाताने वाचायला पाठ मागे दुमडू तर अजिबात नका. नवं कोरं असेल तर टेबलावर उभं धरून पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, असं हळूहळू मधल्या पानापर्यंत उघडत या. पाठ सैल होते, मोडत नाही.

कागदाचं म्हणाल तर स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, कागदातलं आम्ल आतून धागे तोडत राहतं, आणि उष्णता त्या कामाला जोर देते. हे थांबवता येत नाही, सावकाश करता येतं. कापसाच्या, चिंध्यांच्या कागदाला हा रोग जवळजवळ नाही. आमच्या गावाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हे वेदान्तावरचं काव्य चक्क कापडावर लिहिलं, तीच पासोडी. आजच्या स्वस्त कादंबरीचा कागद पन्नास वर्षं काढताना दमतो. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तिथे हातकागद बनवण्याचा धंदा शतकांपासूनचा. त्या बाजूला गेलात तर थोडे ताव घेऊन या. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्याला लावायला आणि जुन्या पत्रांच्या घड्यांमध्ये ठेवायला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

पुस्तक घरी आणलं की मलपृष्ठावरची स्तुती सोडून द्या आणि शीर्षकाच्या मागचं पान वाचा. कोणती आवृत्ती, की नुसतं पुनर्मुद्रण? आधीची किती सालची? लेखकाने तिसाव्या वर्षी लिहिलेलं आपण त्याच्या सत्तराव्या वर्षीच्या छपाईत वाचत असतो आणि मग म्हणतो, भाषा जुनाट वाटते. जुन्या पुस्तकावर शालिवाहन शकाचं साल असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, पौषाच्या पुढचे महिने असतील तर बहुधा ७९. आणि आपल्याकडे, म्हणजे निजामाच्या मुलखात, तिसरंच एक साल सापडतं: फसली, म्हणजे महसुलाचं साल. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, त्यामुळे जानेवारीपासून पुढचे महिने असतील तर ५९१. पुस्तकावरच्या शिक्क्यात १३५२ फसली असेल तर ते १९४२-४३. शिक्क्यावर मोमिनाबाद असेल तर गोंधळू नका, ते अंबाजोगाईच.

माझे वडील उर्दू माध्यमात शिकले. तेव्हा दुसरं माध्यम फारसं नव्हतंच. हैदराबादेत १९१८ला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचं शिक्षणही उर्दूतून होतं आणि त्यासाठी इंग्रजी पाठ्यपुस्तकांची उर्दू भाषांतरं करणारं वेगळं खातं होतं. मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत अशी पुस्तकं अजून पडून आहेत, पदार्थविज्ञान, कायदा, हिशेब. मुलांना लिपी येत नाही म्हणून ती पहिल्यांदा रद्दीत जातात. तसं करू नका. उर्दू वाचणारा माणूस आपल्या गावात शोधावा लागत नाही, चहाच्या हॉटेलात भेटतो. त्याच्याकडून नाव, लेखक, साल वाचून घ्या, मराठीत चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी आत ठेवा. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात. लेकरं डावीकडून उघडायला जातात आणि शेवटच्या पानाला पहिलं पान समजून तिथेच ‘श्री’ काढतात.

आता वाचण्याचं. प्रस्तावना शेवटी वाचा. आपल्याकडे प्रस्तावनाकाराला मोठा मान, आणि तो त्या मानाच्या भरात कथेचा शेवट, त्याचा अर्थ आणि तो कुणासारखा आहे हे सगळं आधीच सांगून मोकळा होतो. पुस्तक संपवून मग प्रस्तावना वाचली की तीच प्रस्तावना गप्पांसारखी लागते, भांडताही येतं.

हातात शिसपेन्सिल ठेवा, पेन नको. बॉलपेनची शाई पानाच्या मागे उमटते आणि रंगीत मार्कर तर पुढच्या वाचकावर अन्यायच. मी ओळी अधोरेखित करत नाही. समासात बारीक टिंब देतो आणि शेवटच्या कोऱ्या पानावर माझी स्वतःची सूची करतो: ‘विहिरीचं भांडण ४३, आत्याचं पत्र ११२, हे पटलं नाही १५०’. एवढंच. वर्षांनी पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत अख्खं पुस्तक परत डोक्यात येतं, आणि उघडायला कारणही मिळतं. ‘पटलं नाही’ हे जरूर लिहा. निव्वळ आवडलेल्या ओळी उतरवून ठेवणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्यात. चार वह्या वाचल्या तरी वाचणारा कोण होता ते कळत नाही.

जुनी मराठी अडते अशी तक्रार तरुण मुलं करतात. ओवीबद्ध ग्रंथ किंवा महानुभावांचं गद्य डोळ्यांनी वाचलं तर अडणारच, ते कानासाठी केलेलं आहे. एक ओवी मोठ्याने म्हणा, मग खालचा अर्थ वाचा, मग तीच ओवी परत म्हणा. तिसऱ्या वेळी अर्थाची गरज राहत नाही. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण सप्ताहात ऐकून ऐकून पोथी वाचणाऱ्याने ओळ गाळली की ती लगेच टोकायची. शिवाय आपल्याला एक फायदा आहे. पुण्याच्या वाचकाला जिथे टीप लागते तिथे कित्येकदा आपल्या आजीचा शब्द असतो. नसेल तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८, सात खंड) किंवा मोल्सवर्थचा १८३१ साली पहिल्यांदा निघालेला मराठी-इंग्रजी कोश बघा. दोन्ही आता फोनवर फुकट चाळता येतात. कोशातही न सापडलेले शब्द एका वहीत लिहा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझ्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येणारे एक आजोबा शेतीच्या अवजारांवरचा माझा कोश आहेत.

पुस्तक कंटाळवाणं झालं तर सोडा. पन्नास पानं प्रामाणिकपणे द्या आणि ठेवून द्या. शेवटच्या पानावर पेन्सिलीने ‘पान ५२ला थांबलो’ लिहा. पुढे कधीतरी तेच पुस्तक अधाशासारखं वाचाल, असं पुष्कळदा होतं.

खूण म्हणून पातळ कागदाची पट्टी पुरे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानात जाड चकचकीत कार्डं ठेवून जातात. दिसायला छान, पण पाठीला ताण देतात. मोरपंखीची डहाळी, पिंपळाचं पान, मोगऱ्याचं फूल, यांतल्या ओलीने दोन्ही बाजूच्या पानांवर तपकिरी डाग उमटतात. लेकरांना विद्या यावी म्हणून मोरपंखी ठेवायचीच असेल तर वहीत ठेवू द्या. दसऱ्याला सरस्वतीपूजनाचंही तेच. हळद-कुंकू पुस्तकावर थेट वाहू नका, हळदीचा डाग जात नाही. पुस्तकावर कोरा कागद ठेवून त्यावर पूजा करा. देवीला चालतं.

जपण्यातला आपला खरा शत्रू पाऊस आहे असं सगळ्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे: कूलर. एप्रिल-मे कोरडे असतात, पुस्तकांना खरंतर कीड-बुरशीची भीती कमी. पण आपण संध्याकाळी कूलर लावतो, खिडक्या बंद करतो, आणि वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा नेमकी समोरच्या भिंतीवरच्या फळीवर जाते. रात्रभर ओल, दिवसभर भट्टी. पानं लाटांसारखी वर-खाली होतात, जिलेटिनच्या वेष्टनाची पुस्तकं एकमेकांना चिकटतात. कूलरच्या तोंडासमोर पुस्तकं नकोत, आणि कूलर चालू असताना एक खिडकी उघडी असू द्या. कूलरही नीट चालतो. घरात एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ६० टक्क्यांत असेल तर पुस्तकं सुखात आहेत, ७० च्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरशी येणार. औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या लोक गोळा करतात. त्या पावसाळ्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात थोडं काम करतात, उघड्या फळीवर काहीच नाही. आणि डब्यातून काढलेली पुडी बहुतेक वेळा आधीच पाणी पिऊन बसलेली असते.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढवा. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर असेल तर वरच्या फळीवर जुनी सुती चादर टाका, लादनीतून माती झरतच राहते. प्लास्टिक टाकू नका, खाली घाम धरतं. वाळवी जमिनीतून, भिंतीला मातीची बारीक नळी करत येते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले की समजा, आसपास कुठेतरी तिचं घर आहे. त्या आठवड्यात कपाटामागे बॅटरी मारून बघा. नळी दिसली तर नुसती खरवडून भागत नाही, कीडनाशकवाल्याला बोलवा, आणि औषध जमिनीला-भिंतीला मारू द्या, पुस्तकांवर नाही.

‘काका, डांबरगोळ्या द्या, पुस्तकांना कसर लागलीय,’ असं म्हणत माणूस येतो तेव्हा मी आधी विचारतो, कसर पाहिली का? रोग ओळखल्याशिवाय औषध देत नाहीत. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा वेड्यावाकड्या, तर ती चंदेरी, चपळ कसर. तिला खळ आणि पुठ्ठ्यावरची चकाकी आवडते. एका पानातून दुसऱ्या पानात आरपार जाणारं गोल भोक असेल तर ती भुंग्याची अळी. तिच्याखाली पिठासारखी भुकटी पडते. माती दिसली तर वाळवी. कापडी पुठ्ठ्यावर ठिपके-ठिपके रंग उडाला तर झुरळ. डांबरगोळी यांतल्या आत बसलेल्या अळीचं काही करत नाही. तिचा वास कागदात मुरतो, रोज त्या खोलीत झोपणाऱ्यांच्या छातीत जातो, आणि काही लेकरांच्या रक्तपेशी नॅप्थलिनने फुटतात. मी विकतो, पण पुस्तकांसाठी विकत नाही. कडुलिंबाचा पाला चालेल का, तर पूर्ण वाळलेला, कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. नुकसान नाही, फार आशाही ठेवू नका. ओला पाला टाकाल तर डाग आणि बुरशी दोन्ही मिळेल.

अळी लागलेल्या पुस्तकाला खरा उपाय थंडी. पुस्तक दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत एकात एक घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या किंवा त्याहून थंड डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तेवढा थंड नसतो. इन्सुलिन ठेवतो तो फ्रिज तर २ ते ८ अंशांचा, तो अजिबात कामाचा नाही. आइसक्रीमवाला ओळखीचा असेल तर त्याच्या फ्रीजरचा एक कोपरा मागा. वीज तासन्‌तास जात असेल तर दिवस वाढवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. मग उघडा आणि भुकटी ब्रशने झटका.

बुरशी आलेलं पुस्तक थंडीने बरं होत नाही. ते अंगणात न्या, मास्क लावा, सावलीत वाऱ्याला उभं करून पूर्ण वाळवा, मगच कोरड्या मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर बुरशी कागदात चोळली जाते. ओसरीच्या सावलीत काम होतं. गोधड्यांसारखी पुस्तकं कडक उन्हात टाकली की पुठ्ठे वाकतात आणि रंग उडतात. भिजलेल्या पुस्तकालाही हेच, फक्त चकचकीत कागद असेल तर पानांमध्ये लगेच टिपकागद घाला. ती पानं एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप गळून पडतो आणि पिवळा चिकट पट्टा उरतो, अक्षरांसकट. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. ती खळ अगदी पातळ हाताने फाटलेल्या कडेला लावा, वर पांढऱ्या पतंगी कागदाची बोटभर पट्टी बसवा (रंगीत नको, रंग सुटतो), दोन्ही बाजूंना बटर पेपर आणि वर वजन. रात्रभरात होतं. खळ दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. बांधणीवाले पूर्वी तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. घरात लेकरं असतात, तुम्ही घालू नका. दिवाळी अंकांची गोष्ट निराळी. १९०९ पासून महाराष्ट्रात दिवाळी अंक निघतायत आणि घराघरांत त्यांचे गठ्ठे असतात, पण त्यांच्या पिना गंजतात आणि मधलं पान तपकिरी होऊन सुटतं. ज्यांचे अंक राखायचे आहेत त्यांनी पिना बोथट सुरीने हळूच काढून त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा.

पुस्तकं उसनी द्या. माझ्याकडे एक जुनं स्टॉक रजिस्टर आहे. त्यात पुस्तक, घेणारा, तारीख, आणि चौथा रकाना ‘परत आल्यावर काय म्हणाला’. हा चौथा रकाना भरायचा म्हणून लोक पुस्तक खरंच वाचतात आणि परतही आणतात. मेहुण्यांना मी अपवाद ठेवलाय. त्यांच्याकडे गेलेलं पुस्तक आहेर समजतो.

जास्त झालेली पुस्तकं वाचनालयाला देणार असाल तर पोतं नेऊन दारात टाकू नका. खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयात एक कपाट, एक टेबल आणि वर्तमानपत्रं असतात. तिथला ग्रंथपाल संकोचाने नाही म्हणत नाही, आणि तुमची जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं त्याच्या खुर्चीखाली जाऊन बसतात. आधी यादी पाठवा, त्याला खुणा करू द्या, तेवढीच द्या. देण्याआधी प्रत्येक पुस्तक उलटून झटका. माझ्या हाती आलेल्या पुस्तकांतून आजवर विजेची बिलं, लग्नपत्रिका, एक्स-रेचा अहवाल आणि एकदा शंभराची नोट निघालीय. नोट ज्याची त्याला परत केली. अहवाल मात्र ज्याचा होता त्याने हातात घेतला, बघितला आणि म्हणाला, हा मी दोन वर्षं शोधत होतो.